कागदापासून परिषदेपर्यंत : मुंबईत राहून मध्ययुगीन इतिहासाचं काम कसं सुरू करावं

दरवर्षी जुलैत, प्रवेशांची धांदल ओसरली की कोणी ना कोणी विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारतो, "मॅडम, मध्ययुगीन इतिहासात पुढे काय करता येतं? परिषदा असतात, शिष्यवृत्त्या मिळतात म्हणतात." मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि या प्रश्नाची वाट पाहत असते. फक्त त्यातला क्रम मला उलटा लावावा लागतो. परिषद आणि शिष्यवृत्ती कामाच्या मागून येतात. आधी हातात एक कागद हवा. कागद नसेल तर एक शिळा, एक नाणं, एक बखर. आणि ती वस्तू दुसऱ्याच्या भाषांतरावर न विसंबता स्वतःला वाचता यायला हवी. ज्याच्याकडे असं काही आहे त्याला व्यासपीठ मिळतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की खालचा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी काळाची हद्द आखून घ्या

'मध्ययुग' हा शब्द प्रत्येक जण वेगळा वापरतो. युरोपात तो ढोबळमानाने ५०० ते १५०० असा धरतात आणि त्यापुढच्या तीन शतकांना आरंभीचा आधुनिक काळ म्हणतात. आपल्या विद्यापीठांत मध्ययुग दिल्लीच्या सुलतानशाहीपासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत शिकवतात. आणि आपण बोलताना शिवकाळ आणि पेशवाई दोन्हींना सरसकट मध्ययुगीन म्हणून मोकळे होतो. गप्पांत हे खपतं, अर्जात खपत नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात दर जुलैला भरणारी आंतरराष्ट्रीय मध्ययुग परिषद ३०० ते १५०० हा काळ घेते. अमेरिकेतल्या रेनेसाँ सोसायटीचा पल्ला १३०० ते १७०० आहे. म्हणजे कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळातल्या वीरगळांवरचा (वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळांवरचा) निबंध लीड्सला चालेल, पण चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेवरचा, कितीही चांगला असला तरी, या दोन्ही ठिकाणी बसणार नाही, कारण ती मोहीम १७३७ ते १७३९ ची. त्याला आरंभीच्या आधुनिक काळावरची किंवा दक्षिण आशियावरची परिषद शोधावी लागेल. अर्ज लिहिण्याआधी परिषदेची हद्द पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत महिन्याची मेहनत वाचते.

विषय म्हणून व्यापक मथळा नव्हे, वस्तू निवडा

'मराठे-पोर्तुगीज संबंध' हा विषय नाही, ते अनेक विषय कोंबलेलं कपाट आहे. परिषदेला पाठवलेला माझा स्वतःचा पहिला गोषवारा अशाच एका कपाटावर लिहिलेला होता. तो दोन ओळींच्या उत्तरासह परत आला : विषय फार व्यापक आहे, साधन कोणतं ते कळत नाही. ते उत्तर योग्य होतं.

मुंबई आणि आसपास अशा वस्तूंची ददात नाही. बोरिवलीला एक्सर गावात वीरगळांची रांग उभी आहे. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, तेराव्या शतकातल्या संघर्षाशी ती जोडली जाते. (वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या पट्टीत लढाई, सगळ्यात वर वीराला मिळालेलं देवाचं सान्निध्य. हे माहीत नसेल तर सगळी गोष्टच उलटी लागते.) माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे; पंधराव्या शतकातल्या या विद्वानाचे अरबी ग्रंथ आजही अभ्यासले जातात. केळवे-माहीमच्या अंगाने लिहिलेली 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापली आणि तिच्यातल्या गावांची नावं आजच्या लोकलच्या नकाशाशी ताडून पाहता येतात. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. मुंबई बेट ज्याच्याकडे होतं त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ ला गोव्यात छापलं. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या विवाहाचा १६६१ चा तह, १६६५ चं मुंबईचं इंग्रजांकडे हस्तांतर, १६६८ ला वर्षाला १० पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवणी, १६८९ ला जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने घातलेला वेढा : यातल्या प्रत्येकामागे कागद आहेत आणि बरेचसे छापून उपलब्ध आहेत.

एक वस्तू घ्या. तिच्याविषयी तीन प्रश्न वहीत लिहा. कोणी केली, कोणासाठी केली, आणि आत्ता आहे त्या जागी ती कशी आली. तिसऱ्या प्रश्नातून बरेचदा सगळ्यात चांगला निबंध निघतो.

मोडी शिका, आणि कालगणनाही

जगात कुठेही गेलात तरी मराठी अभ्यासकाकडून पहिली अपेक्षा असते ती मोडीची, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिले त्या लिपीची. याच एका कौशल्यात आपण परदेशी संशोधकाच्या चार पावलं पुढे असतो, कारण भाषा आपली आहे. अडतं ते फक्त लिपीपाशी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय (जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणारं खातं) मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवतं आणि मोडीची परीक्षाही घेतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) वर्ग घेतं. मुंबई-ठाण्यातही सुट्टीच्या दिवसांचे वर्ग चालतात. मुळाक्षरं ओळखायला दोन-तीन आठवडे पुरतात. खरी अडचण त्यानंतर येते, कारण मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नसतो, आणि 'राजश्री'सारखे नेहमीचे शब्द एका फटकाऱ्यात संपवलेले असतात.

यावर मी विद्यार्थ्यांना एकच तोड सांगते. ज्याचं देवनागरी लिप्यंतर छापलेलं आहे असं मोडी पत्र घ्या, छापील पान झाका, रोज पाच ओळी वाचून वहीत उतरवा आणि मग ताडून पाहा. तीन महिन्यांनी मायना, मजकूर आणि शेवटचं 'बहुत काय लिहिणे' आपोआप ओळखू यायला लागतं. पत्राचा साचा कळला की अडलेला शब्दही संदर्भाने सुटतो. सोबत दोन कोश ठेवा : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे) आणि माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश. पेशवाईतल्या कारकुनाची मराठी फारसी शब्दांवर उभी आहे. 'मशारनिल्हे' आणि 'पैवस्ती' हे आजच्या शब्दकोशात सापडायचे नाहीत.

आता तारखा. इथे भलेभले चुकतात, म्हणून जरा थांबते.

शके दिलेला असेल तर ७८ मिळवा; पण तिथी १ जानेवारीनंतरची आणि चैत्राआधीची असेल तर ७९. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. ७८ मिळवलेत तर १७६० येईल आणि आपण वर्षभराने चुकू. पौष जानेवारीत पडला म्हणून ७९, म्हणजे १७६१. दुसरी पद्धत सुहूर सनाची, जिला मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृगात गेला की नवं वर्ष लागतं. तिच्यात आकडे अरबी शब्दांत आणि एकं-दहं-शतं अशा उलट्या क्रमाने लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपत याच सालात येतं, करून बघा. तारखेआधी नुसता 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे पुढचा आकडा आणि महिना हिजरी आहे. आणि 'राज्याभिषेक शक १' असेल तर ते वर्ष १६७४ च्या ज्येष्ठात सुरू झालेलं.

इंग्रजी कागदही निर्धोक नाहीत. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी पंचांगपद्धत वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे त्यांनी 'फेब्रुवारी १६८९' लिहिलं असेल तर ते आपल्या हिशोबाने बहुधा १६९० असतं. पोर्तुगीजांनी नवी पद्धत १५८२ लाच घेतली. म्हणून वसईच्या मोहिमेतला एकच दिवस पोर्तुगीज आणि इंग्रज कागदांत ११ दिवसांच्या फरकाने येतो. एका विद्यार्थ्याने या दोन तारखांवरून दोन वेगळ्या चढाया मांडल्या होत्या. निबंध वाचायच्या आदल्या रात्री ते ध्यानात आलं म्हणून निभावलं.

फोर्टातली पायपीट

मुंबईची खरी श्रीमंती ही की लागणारं जवळजवळ सगळं चर्चगेट आणि सीएसएमटीच्या मधे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. १८२१ मध्ये सुरू झालेल्या या दफ्तरात सुरत आणि मुंबईच्या इंग्रज वखारींच्या सतराव्या शतकापासूनच्या रोजनिशा आहेत. पेशवे दफ्तर मात्र पुण्याला आहे, हे आधीच सांगते. अनेक जण मुंबईत येऊन तेच मागतात. त्यातून इतिहासकार गो. स. सरदेसायांनी निवडून छापलेले ४५ खंड तेवढे मोठ्या ग्रंथालयांत बसल्या जागी पाहता येतात. पुराभिलेखागारात जाताना महाविद्यालयाचं किंवा मार्गदर्शकांचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि त्यांच्या झेरॉक्स न्या. पेन दप्तरात, पेन्सिल हातात. सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा असल्याने शनिवार-रविवार बंद. नोकरी करणाऱ्यांनी एकेक दिवसाची रजा टाकण्याऐवजी सलग चार दिवस काढावेत. पहिला दिवस निव्वळ सूची चाळण्यात जातो आणि तो जाऊ द्यावा. कोणती फाईल मागवायची हे ठरलं की पुढचे तीन दिवस सोन्याचे. आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी आपुलकीने बोला. कुठल्या खात्याचे कागद कुठल्या खात्यात गेले हे सूचीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

तिथून हॉर्निमन सर्कलला टाउन हॉलच्या पायऱ्या चढलात की एशियाटिक सोसायटी, १८०४ ची. जुनी नियतकालिकं, गॅझेटियर, प्रवासवर्णनं यांसाठी दुसरं ठिकाण शोधू नका. तिथे व्याख्यानं होतात आणि संशोधनासाठी अधिछात्रवृत्त्याही (फेलोशिप) जाहीर होतात. जवळच के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट (१९१६) आहे. तिथे फारसी हस्तलिखितं आहेत आणि पारशी विद्वान मुल्ला फिरोज यांचा संग्रहही. मुघल किंवा आदिलशाही विषयाकडे वळायचं असेल तर फारसीला पर्याय नाही, आणि तिची चव इथे घेता येते. धोबी तलावला सेंट झेवियर्समधली हेरास संस्था फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये उभी केली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला नाण्यांचा विभाग पाहायला अर्धा दिवस राखून ठेवा. मुंबईच्या टाकसाळीचा रुपया मुघल बादशहाच्या नावाने का पाडला जाई, हे पुस्तकापेक्षा तिथल्या काचेसमोर उभं राहून लवकर समजतं.

फोर्टाबाहेर दादर-नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, जुन्या मराठी मासिकांसाठी. गोरेगावला मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताचं (आर्चडायोसीझचं) संग्रहालय आहे. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती वस्तू एकत्र पाहायच्या तर तिथेच. पोर्तुगीज कागदांचा मुख्य साठा पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. त्याची सुरुवात १५९५ ची. रात्रीच्या गाडीने गोव्याला जाऊन आठवडाभर काम करणं अवघड नाही, पण त्याआधी इतिहासकार पां. स. पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' वाचून जा.

आणि घरचा माळा विसरू नका. वसईच्या बाजूची एक मुलगी ट्रंकेत सापडलेलं कागदांचं बोचकं घेऊन आली होती. वाचून पाहिले तर ते एकोणिसाव्या शतकातल्या जमिनीच्या कबुलायती (करारपत्रं) निघाले. आमच्या काळाचे नव्हते. पण आजोबांच्या आजोबांचं नाव वाचता यावं म्हणून ती मोडी अशी शिकली की पुढे तिच्याच हाताने अठराव्या शतकाची पत्रं सुटली. असे कागद उघडताना घडी ताणू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात बांधा. दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, तो शब्द उगाच नाही आला.

व्याख्यानाला जा, आणि थांबा

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन, ९ जूनचा अभिलेख दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह, या तीन वेळांना शहरात प्रदर्शनं, किल्ल्यांवरच्या सहली आणि व्याख्यानं भरपूर होतात. एरवीही एशियाटिक, कामा, वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय यांच्या सूचना पाहत राहा. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे अभ्यासक्रम नोकरदारांसाठी सोयीचे असतात. व्याख्यान संपल्यावर लगेच साडेसातची लोकल गाठू नका. थांबा, वक्त्याला एकच नेमका प्रश्न विचारा, साधन कुठे पाहिलं ते विचारा. तुमच्या नावापेक्षा तुमचा प्रश्न त्यांच्या लक्षात राहतो.

गोषवारा

परिषदेला आधी गोषवारा पाठवायचा असतो, बहुधा २०० ते ३०० शब्दांचा. त्यात चार गोष्टी हव्यात : साधन, प्रश्न, आजवर लोक काय म्हणत आले, आणि तुम्ही काय वेगळं दाखवणार. एक्सरचंच उदाहरण घेऊ. 'कोकणातील आरमाराचा इतिहास' असं शीर्षक देऊ नका. असं लिहा : 'एक्सरच्या वीरगळांवरील जहाजांची घडण आणि वल्हेकऱ्यांची मांडणी यांवरून तेराव्या शतकातील उत्तर कोकणच्या आरमाराविषयी काय सांगता येते? हे वीरगळ आजवर कोणत्या राजाची कोणती लढाई हे ठरवण्यासाठी वाचले गेले. मी ते जहाजबांधणीचा पुरावा म्हणून वाचते.' वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतं की तुम्ही दगडासमोर उभे राहिला आहात.

पहिला निबंध मराठीतच वाचा असं मी आग्रहाने सांगते. अखिल महाराष्ट्र इतिहास परिषदेच्या वार्षिक अधिवेशनात मराठी निबंधांना जागा आहे, ऐकणारे जाणकार असतात आणि गावोगावचे अभ्यासक तुमची चूक प्रेमाने पण ठामपणे दाखवतात. त्यानंतर भारतीय इतिहास काँग्रेस. १९३५ ला पुण्यात सुरू झालेली ही परिषद साधारण वर्षअखेरीला भरते, मध्ययुगीन भारताचा स्वतंत्र विभाग असतो, आणि निबंध वाचायला सभासद व्हावं लागतं. मग परदेश. लीड्सला एकेकट्या निबंधाचे प्रस्ताव साधारण ऑगस्टअखेरपर्यंत घेतात, अमेरिकेतल्या कॅलमझूच्या मध्ययुग परिषदेचे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. नेमकी तारीख त्या त्या वर्षी पाहून घ्या. म्हणजे पावसाळ्यात पुराभिलेखागारात बसायचं आणि गणपतीच्या गडबडीआधी गोषवारा धाडायचा, असं वेळापत्रक आपल्याला सोयीचं पडतं. लीड्सला ऑनलाइन सहभागही असतो आणि उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे त्यांची सकाळ आपली दुपार. महाराष्ट्राच्या संस्कृती-समाजावरची आंतरराष्ट्रीय परिषद आणि उत्तर भारताच्या आरंभीच्या आधुनिक साहित्यावरची परिषद, या दोन्हींकडे संत-वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्ष ठेवावं.

ज्या 'आंतरराष्ट्रीय' परिषदेत सगळे विषय एकत्र आहेत, परीक्षकांची नावं नाहीत आणि स्वीकृती दोन दिवसांत शुल्काच्या मागणीसह येते, तिथे पैसे भरू नका. हे माझ्या ओळखीच्या दोघांना महागात पडलं आहे.

निबंध वाचताना पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच. घरी मोठ्याने, घड्याळ लावून, तीनदा वाचा. मोडी कागदाचं छायाचित्र पडद्यावर दाखवून एक ओळ तिथेच वाचून दाखवा. सभागृह जागं होतं.

पैसे

पीएच.डी.साठी नोंदणी झाली असेल तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ अधिछात्रवृत्ती, भारतीय इतिहास संशोधन परिषदेची (आयसीएचआर, १९७२) अधिछात्रवृत्ती, आणि राज्यात आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आयसीएचआर परदेशातल्या परिषदेच्या प्रवासालाही मदत करते. ब्रिटिश लायब्ररीत काही आठवडे काम करायचं तर चार्ल्स वॉलेस ट्रस्ट, पोर्तुगालशी संबंधित विषयाला फुंदासांव ओरिएंत, ज्यांचं कार्यालय पणजीत आहे. अमेरिकेला फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती. लीड्सकडे स्वतःचा सवलत निधी आहे, पण तो वेळेत मागावा लागतो. निबंध मंजूर झाल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

अर्जात 'मला संशोधनाची आवड आहे' हे वाक्य नको. कुठल्या दफ्तरात, कुठल्या नावाची फाईल, किती दिवस, का तिथेच जायला हवं, आणि प्रवास-राहणी-झेरॉक्सचा खर्च किती, हे लिहा. शिफारसपत्र मागताना मार्गदर्शकांना तीन आठवडे आधी सांगा आणि सोबत गोषवारा द्या, म्हणजे ते तुमच्या कामाबद्दल लिहितील.

निबंध छापून आला की एक प्रत पुराभिलेखागाराला द्या. कागद कोणाच्या घरचा असेल तर लिप्यंतराची एक स्वच्छ, मोठ्या अक्षरांतली प्रत त्या घरी नेऊन द्या, आणि वेळ काढून वाचूनही दाखवा. अशा वेळी बरेचदा आतल्या खोलीतून दुसरं बोचकं बाहेर येतं.